अटॅच: आधी खुंटा, मग कोर्ट, मग ईमेल

मुंबईत मराठी बोलताना अटॅच हा शब्द आपण इतक्या ठिकाणी वापरतो की तो इंग्रजी आहे हेच विसरायला होतं. ब्रोकर सांगतो मास्टर बेडरूमला अटॅच टॉयलेट आहे, ऑफिसात साहेब म्हणतात रिपोर्ट अटॅच करून मेल टाक, टॅक्सीवाले दादा सांगतात गाडी कंपनीला अटॅच केलीय, पोलिसातला मित्र तोंड पाडून म्हणतो कंट्रोल रूमला अटॅच केलंय यार, कोणाची तरी आई म्हणते पोरगी आजीशी फार अटॅच आहे, आणि रात्री बातम्यांत येतं की ईडीने कोणाचा तरी वरळीतला फ्लॅट अटॅच केला. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळीकडे जोडणं, चिकटवणं असा अर्थ ओढूनताणून का होईना पण बसतो. फ्लॅट मात्र कशाला चिकटवणार? तो आधीच जमिनीला चिकटलेला आहे की!

मजा अशी की इंग्रजीत या क्रियापदाचा सगळ्यात जुना नोंदलेला अर्थ हाच आहे, कोर्टकचेरीवाला. चिकटवणं, जोडणं हे नंतरचं. म्हणजे आपण ज्याला विचित्र, वकिली अर्थ समजतो तो थोरला, आणि ज्याला साधा अर्थ समजतो तो धाकटा.

जरा मागे जाऊ. शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे त्याची रूपं होती आताशिए आणि त्याआधी एस्ताशिए, अर्थ बांधणं, रोवणं, खांबाचा टेकू देणं. व्युत्पत्ती शोधणारे लोक याच्याही मागे जाऊन बहुतेक एका जर्मानिक शब्दापाशी थांबतात, ज्याचा अर्थ खुंटा, जमिनीत ठोकलेला दांडका. फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्या आजच्या फ्रान्समध्ये येऊन राज्य करायला लागल्या, त्यांचे बरेच शब्द तिथल्या भाषेत मुरले, त्यातलाच हा असावा. इंग्रजीतला स्टेक, म्हणजे जमिनीत रोवायचा दांडका, हा याच घरातला. तर मुळात अटॅच करणं म्हणजे खुंट्याला बांधणं. गोंद नाही, टाचणी नाही, फेविकॉल तर नाहीच.

खुंट्याला म्हैस बांधली की काय होतं ते बघा. म्हैस तुमचीच राहते, दूध तुम्हीच काढता, ती चारा खाते, शेपटी हलवते, फक्त दाव्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. हे एवढं डोक्यात ठेवा, पुढे कायद्यात गेलो की याचाच उपयोग होणार आहे.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर कित्येक पिढ्या राजदरबार आणि कोर्टाची भाषा फ्रेंच होती, सामान्य माणूस इंग्रजी बोलायचा आणि त्याचा निवाडा फ्रेंचमध्ये व्हायचा (आपल्याकडे इंग्रजीत निकाल लागतो आणि अशिलाला वकिलाकडून समजून घ्यावा लागतो, त्यात नवीन काही नाही). १३६२ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की कोर्टात बोलणं इंग्रजीत व्हावं, तरी वकिलांची फ्रेंच पुढे कित्येक वर्षं गेली नाही. जज, कोर्ट, बेल, मॉर्गेज हे सगळे शब्द याच रस्त्याने इंग्रजीत शिरले, आणि अटॅचसुद्धा. १४व्या शतकात तो इंग्रजीत दिसतो तेव्हा अर्थ आहे कोर्टाच्या हुकमाने माणसाला किंवा मालाला धरून ठेवणं. हो, माणसालाही. अटॅचमेंट म्हणजे वॉरंटवर अटक असा अर्थ तेव्हा चालायचा. इंग्लंडमध्ये राजाची राखीव जंगलं होती, त्यांचं वेगळं कोर्ट असायचं, नावच कोर्ट ऑफ अटॅचमेंट्स, ते दर चाळीस दिवसांनी भरायचं आणि राजाची झाडं तोडणाऱ्या, हरणं मारणाऱ्या लोकांना तिथे धरून आणायचे. त्यांना शिक्षा पुढच्या मोठ्या कोर्टात. इथलं काम एवढंच, की माणूस किंवा त्याचा माल पळू द्यायचा नाही.

एका वस्तूला दुसरी वस्तू जोडणं हा अर्थ इंग्रजीत दिसायला लागतो साधारण १४०० च्या आसपास. त्या कामासाठी इंग्रजांकडे स्वतःचं अस्सल क्रियापद होतंच, फास्टन, जे विमानात सीट बेल्टच्या दिव्याखाली लिहिलेलं असतं. त्यातला फास्ट म्हणजे मुळात घट्ट, पक्का, वेगवान हा अर्थ नंतर आला, म्हणून तर न जाणाऱ्या रंगाला फास्ट कलर म्हणतात आणि विरारची फास्ट पकडायची असते ती वेगळी. असो, हा विषय सुरू केला तर संपणार नाही.

आता आपल्याकडे. इंग्रज गेले, कायदा राहिला. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची, अजून तीच चालते, दुरुस्त्या झाल्या तेवढ्याच. समजा तुम्ही कोणाला पैसे दिले, त्याने बुडवले, तुम्ही कोर्टात गेलात, जिंकलात, हातात डिक्री आली. डिक्री म्हणजे कोर्टाचा अमक्याने इतके पैसे द्यावेत असा हुकूम, पैसे नाहीत, तो फक्त कागद. तो माणूस तरीही देत नसेल तर पुन्हा कोर्टात दरखास्त लावायची की याची मालमत्ता अटॅच करा आणि विका. मराठीत याला जप्ती म्हणतात, टाच आणणं म्हणतात, आणि आपली महापालिका मालमत्ता कर थकला की जी नोटीस काढते तिच्यात अटकावणी असा शब्द असतो. मला यातला अटकावणी हा शब्द सगळ्यात आवडतो कारण तो खरं सांगतो, अडवून ठेवलंय, नेलेलं नाही. टाच आणि अटॅच कानाला सारखे लागतात म्हणून कोणी सांगेल की एकातून दुसरा आला, पण नुसता आवाज सारखा असणं हा पुरावा नव्हे, त्यामुळे तसं फॉरवर्ड आलं तर पुढे ढकलू नका. जप्त हा मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, त्याचाही मूळ अर्थ घट्ट धरणं. म्हणजे अरबस्तानात काय नि फ्रान्समध्ये काय, घट्ट धरण्यातूनच कायद्याचा शब्द निघाला.

अटॅच कसं करायचं हे वस्तू कुठली त्यावर ठरतं. टीव्ही, गाडी, मशीन अशी हलवता येणारी वस्तू असेल तर बेलिफ, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा माणूस, येऊन सरळ ताब्यात घेतो. बँकेतले पैसे किंवा कोणाकडून येणं असेल तर मनाई हुकूम जातो, की हे या माणसाला देऊ नका. घर, जमीन उचलून नेता येत नाही, तिथे कोर्ट मालकाला हुकूम देतं की हे विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, कोणाच्या नावे करायचं नाही, आणि बाकीच्यांना सांगतं की याच्याकडून घेऊ नका. हा हुकूम त्या जागेवर किंवा जवळपास दवंडी पिटून किंवा तिथल्या रूढ पद्धतीने जाहीर करायचा आणि त्याची प्रत मालमत्तेवर ठळक दिसेल अशी लावायची, असं संहितेत आजही लिहिलेलं आहे, दवंडीसकट. दारावर कागद चिकटवलेला असतो तो हा. घर चिकटत नाही, हुकूम चिकटतो!

आणि त्यानंतर त्या माणसाने गुपचूप फ्लॅट विकला तर? ज्या डिक्रीसाठी अटॅचमेंट झाली तिच्यापुढे ती विक्री टिकत नाही, संहितेचं कलम ६४ बघा. म्हणून फ्लॅट घेताना फक्त ओसी, सोसायटीची एनओसी आणि व्ह्यू बघून चालत नाही, वकिलाकडून सर्च, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या नोंदींची तपासणी, काढून घ्यायचा, प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबारावर इतर हक्कात काही बोजा, काही हुकूम नोंदलाय का ते बघायचं. लोक टाइल्सच्या रंगावर चार रविवार घालवतात आणि सर्चच्या फीसाठी वकिलाशी घासाघीस करतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

सगळंच अटॅच करता येत नाही, हा भाग बऱ्याच लोकांना माहीत नसतो आणि वसुलीवाले त्याचाच फायदा घेतात, फोनवर घरातली भांडी उचलून नेऊ अशी धमकी देतात. पहिलं म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय कोणी रिकव्हरी एजंट काही अटॅच करू शकत नाही. दुसरं, कोर्टालाही काही गोष्टींना हात लावता येत नाही. कलम ६० मध्ये यादी आहे, गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईच्या अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि त्याला पोट भरायला लागणारी गुरं आणि बियाणं, हिशोबाच्या वह्या, मजुराची आणि घरकाम करणाऱ्याची मजुरी, सरकारी पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड. म्हणजे शिंप्याचं मशीन, सुताराची रंधा-पटाशी सुटली. माणूस बुडाला तरी उद्या कमवू शकला पाहिजे आणि संध्याकाळी जेवू शकला पाहिजे, असा तो हिशोब.

पगाराचं पण गणित आहे. साध्या पैशाच्या डिक्रीत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. समजा पगार ३१,००० आहे, त्यातले १,००० बाजूला, उरले ३०,०००, त्यातले २०,००० सुटले, राहिले १०,०००, तेवढे महिन्याला अटॅच होऊ शकतात. पण पोटगीची डिक्री असेल तर उलटं, तिथे फक्त एक तृतीयांश पगार वाचतो, बाकीच्याला हात लागू शकतो. कायदा इथे स्पष्ट बोलतो, मित्राचे पैसे थांबतील पण बायकापोरांचं पोट थांबणार नाही.

मग ईडी. त्यांचा कायदा वेगळा, मनी लाँडरिंगचा, २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ पासून. त्यात अटॅचमेंटची व्याख्याच दिलेली आहे, आणि ती वाचली की म्हशीचं दावं आठवतंच, हुकूम काढून मालमत्ता हस्तांतर करायला, रूपांतर करायला, विल्हेवाट लावायला किंवा हलवायला मनाई करणं. बस. कुठेही घेऊन टाकणं असं नाही. पहिला हुकूम तात्पुरता असतो, जास्तीत जास्त १८० दिवस, तेवढ्यात निवाडा प्राधिकरणाने तो कायम केला नाही तर गळून पडतो. आणि या तात्पुरत्या काळात राहत्या घराचा उपभोग घ्यायला बंदी नाही असं त्याच कलमात लिहिलंय. म्हणून टीव्हीवर अमक्याचा बंगला अटॅच म्हणून ओरडाओरडा चालू असतो आणि तो माणूस त्याच बंगल्याच्या बाल्कनीत चहा पीत असतो, लोकांना वाटतं सेटिंग झालं, मॅनेज केलं. सेटिंग असेलही कधी, पण चहा पिणं हा त्याचा पुरावा नाही. खटला चालून गुन्हा सिद्ध झाला की विशेष कोर्ट ती मालमत्ता सरकारजमा करू शकतं, तेव्हा ती खरी गेली.

इथे माझी तक्रार आहे ती आपल्या बातम्यांबद्दल. पंचनामा करून रोकड उचलली तरी जप्त, फ्लॅटवर तात्पुरता हुकूम आला तरी जप्त, आणि शेवटी सरकारच्या मालकीची झाली तरी जप्तच. तीन वेगळ्या गोष्टी, एकच शब्द. मराठीत शब्द नाहीत असं पण नाही, उचलून नेलं तर जप्त म्हणा, अडवून ठेवलं तर टाच किंवा अटकावणी म्हणा, मालकीच गेली तर सरकारजमा म्हणा, तिन्ही शब्द शंभर टक्के वापरातले आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट जप्त झाला असं वाचून बाकीचे मेंबर घाबरतात की आता मेंटेनन्स कोण भरणार, सेक्रेटरी काकांना दहा फोन. अहो, मालक तोच आहे, बिल त्यालाच पाठवा.

घरच्या बाकीच्या मंडळींकडे वळू, कारण हे खानदान मोठं आहे. अटॅक आणि अटॅच सख्खे भाऊ आहेत. फ्रेंचमधून जो आला तो अटॅच, आणि इटालियन आताक्कारे मधून फ्रेंचमार्गे साधारण १६०० च्या सुमारास जो आला तो अटॅक. इटालियनमध्ये लढाई जोडणं असा वाक्प्रचार होता, म्हणजे भिडणं, लढाईला तोंड फोडणं, त्यातली लढाई गळाली आणि नुसतं जोडणं हेच हल्ला करणं झालं. त्यामुळे शेजारच्या काकांना अटॅक आला म्हणून आपण केईएमला पळतो त्या अटॅकच्या मुळाशी सुद्धा तोच दांडका. संगीत शिकणाऱ्यांना स्टकाटो माहीत असेल, सूर तोडून तोडून वाजवायचे, तोही इटालियनमधल्या सोडवणं, सुटं करणं या क्रियापदातून, आणि डिटॅच तर उघडच आहे.

आणि अटॅची! आत्या गावाहून यायची तेव्हा हातात असायची ती. फ्रेंचमध्ये अटॅशे म्हणजे जोडून दिलेला, राजदूताच्या स्टाफला जोडलेला अधिकारी, लष्कराचा असेल तर मिलिटरी अटॅशे. हे लोक कागदपत्रं न्यायला चपटी पेटी वापरायचे, तिला अटॅशे केस म्हणायला लागले. आपल्याकडे केस गळाली, स्पेलिंगमधल्या शेवटच्या अक्षरांचा उच्चार च झाला, आणि दूतावासाच्या साहेबाचं नाव दादर स्टेशनवर हमालाच्या डोक्यावर जाऊन बसलं.

कंट्रोलला अटॅच, गाडी कंपनीला अटॅच, हॉस्पिटल मेडिकल कॉलेजला अटॅच, हे सगळे अर्थ अटॅशेच्याच चालीचे आहेत, माणूस किंवा वस्तू एकाची, राबवायला दुसऱ्याकडे. टॅक्सीवाल्या दादांची गाडी त्यांच्याच नावावर, हप्ता त्यांचाच, डिझेल त्यांचं, फक्त भाडं कुठलं घ्यायचं ते अ‍ॅप सांगणार. मालकी तुमची आणि दावं दुसऱ्याच्या हातात.

जिव्हाळ्याचा अर्थ इंग्रजीत १८व्या शतकात नीट रुळला. विसाव्या शतकात जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने तान्ह्या पोराचं आईशी जे घट्ट नातं असतं त्याला अटॅचमेंट हे नाव देऊन अख्खा सिद्धांत मांडला, मेरी एन्सवर्थ यांनी आईला काही मिनिटं खोलीबाहेर पाठवून, मग परत आणून, पोरं कशी वागतात ते बघून त्याचे प्रकार पाडले. आता रील्सवर प्रत्येक ब्रेकअपचं कारण अटॅचमेंट स्टाइल असतं, ते सोडून द्या.

राहिला ईमेल. कागदाच्या जमान्यात पत्राबरोबर लिफाफ्यात दुसरा कागद घातला तर एन्क्लोज्ड म्हणायचे, आणि टाचणीने पत्रालाच टाचला तर अटॅच्ड. आपल्या सरकारी पत्रात खाली सहपत्रे म्हणून लिहितात तेच. सुरुवातीच्या ईमेलमध्ये फक्त साधी इंग्रजी अक्षरं जायची, फोटो नाही, आवाज नाही, मराठी तर नाहीच. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाची पद्धत ठरवली, त्याच वर्षी मार्चमध्ये बोरेनस्टाइन यांनी आपल्या गाण्याच्या चौकडीचा फोटो आणि गाणं मेलला जोडून पाठवलं. पण खरं बघितलं तर फाइल मेलच्या बाहेर कुठेही लटकत नाही. तिचे बाइट तीन तीनच्या गटात घेऊन प्रत्येक गटाची चार साधी अक्षरं करतात आणि ती अक्षरं मेलच्या मजकुरातच खाली ओतून देतात, वर एक ओळ असते की इथून पुढे अटॅचमेंट आहे, समोरचा प्रोग्राम ती वाचून परत फाइल बनवतो. तीनाचे चार झाले म्हणजे आकार एक तृतीयांश वाढला, त्यामुळे ऑफिसच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी असेल आणि तुमची फाइल ८ एमबीची असेल तरी मेल परत येतो आणि तुम्ही आयटीवाल्याशी भांडता की आठ म्हणजे दहापेक्षा कमीच ना. नाही, पाठवताना ती साडेदहाच्या वर गेलेली असते.

अशा वेळी लोक ड्राइव्हची लिंक टाकतात आणि तरी लिहितात प्लीज फाइंड अटॅच्ड. लिंक अटॅच्ड नसते. लिंकमागची फाइल पाठवणारा उद्या बदलू शकतो, उडवू शकतो, अटॅच केलेली प्रत मात्र पाठवली त्या क्षणी होती तशीच तुमच्याकडे राहते. कोटेशन, करारनामा, बिल्डरचा अलॉटमेंट लेटर, असलं काही असेल तर लिंकवर भागवू नका, पीडीएफ मेलमध्येच जोडून मागा, मोठी असेल तर दोन मेल करायला सांगा.